पायथन सोडून निम किंवा ज्युलिया धरावी का? मीटरचा डेटा रात्रभर चालून राहिला

विदर्भ_डेटावाला:
नमस्कार मंडळी. नागपुरात एका छोट्या कंपनीत आहे, काम म्हणजे स्मार्ट मीटरचं रीडिंग साफ करून पुढे देणे. अर्ध्या तासाला एक रीडिंग, म्हणजे मीटरमागे दिवसाला 48 ओळी, लाखभर मीटर, तर रोजच्या 48 लाख ओळी आणि महिन्याच्या चौदा कोटींच्या वर. सगळं सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या टेक्स्ट फाइल. पायथनच्या पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीत लिहिलं आहे, रोजचं कसंबसं होते पण महिन्याचा हिशेब पुन्हा चालवा म्हटलं की रात्रभर चालते आणि सकाळी पाहावं तर मेमरी संपून बंद पडलेलं. मशीन 16 जीबीचं. काम काही रॉकेट सायन्स नाही: वादळात लाइन गेली की मधले अर्ध्या तासाचे ब्लॉक गायब असतात ते भरायचे, रीडिंग मागे गेलं (आधीपेक्षा कमी आलं) असेल तर पकडायचं, आणि दिवसाची बेरीज. एक सीनियर म्हणते निममध्ये लिही, दुसरा म्हणते ज्युलिया (दोन्ही प्रोग्रामिंगच्या वेगवान भाषा), साहेब म्हणतात मोठं क्लाउड मशीन घे (पैसे कोण देईल ते सांगत नाहीत). कोणी खरंच वापरलं आहे का हे? शिकायला तयार आहे पण उगाच दोन महिने जायला नको.

वर्धारोडवरचा:
भाऊ, भाषा बदलायच्या आधी एक प्रोफाइलर लावून पाहा ना की वेळ नेमका कुठे जाऊन राहिला. मी पैज लावतो की कुठेतरी अप्लाय (पांडाजमध्ये आपलं फंक्शन लावायची सोय) आहे, तोही ओळीवर चालणारा. तिथे पांडाज दरवेळी एका ओळीची नवी सिरीज (पांडाजची यादी) बनवते आणि मग तुझं फंक्शन बोलावते, असं 48 लाख वेळा. मागच्या ओळीशी तुलनाच करायची तर शिफ्ट (ओळ सरकवणारं) आणि डिफ (फरक काढणारं) आहेतच की, ते पूर्ण कॉलमवर एका झटक्यात चालतात. मेमरीचं म्हणशील तर मीटर नंबर आणि तारीख दोन्ही टेक्स्ट म्हणून आत येत असतील. पायथनच्या एकेका स्ट्रिंगला अक्षरं सोडून वरून चाळीसेक बाइट लागतात, तीच तारीख 64 बिटच्या आकड्यात 8 बाइटात बसते. मीटर नंबरला कॅटेगरी कर (म्हणजे आत प्रत्येक नंबरचा छोटा कोड राहते), तारखेचा फॉरमॅट स्वतः सांग, नको ते कॉलम वाचूच नको. अर्धं दुखणं इथंच जाईल.

ज्युलियाप्रेमी:
वरचं बरोबर आहे पण ज्युलियाला असं उडवून लावू नका राव. 2012 मध्ये जाहीर झाली, 2018 मध्ये 1.0 आली, बनवणाऱ्या चौघांत आपला विरल शाह आहे, आणि मी रिसर्चच्या कामात रोज वापरतो. तिची खरी मजा म्हणजे साधा फॉर लूप लिहा, तो एलएलव्हीएम या कंपाइलरच्या यंत्रणेतून थेट मशीन कोडमध्ये जाते आणि सी च्या आसपास पळते, व्हेक्टराइज करायच्या (लूप टाळून पूर्ण कॉलमवर लिहायच्या) कसरती नाहीत. फक्त सगळं फंक्शनच्या आत लिहा, बाहेर ग्लोबल व्हेरिएबल ठेवून लूप चालवला की पायथनसारखीच रडते आणि मग लोक म्हणतात ज्युलिया स्लो आहे. पहिल्यांदा चालवताना कंपाइल होण्यात वेळ जाते हे खरं, 1.9 नंतर बरंच कमी झालं. दर पाच मिनिटाला चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टला घेऊ नका, रात्रीच्या कामाला चालते. आणि हो, मोजणी 1 पासून सुरू होते, शून्यापासून नाही, पहिल्या आठवड्यात डोकं फिरते.

सदर_सी_प्लस:
निम वापरली आहे. दिसायला पायथनसारखीच, इंडेंटेशन वगैरे, पण आधी सी मध्ये जाते आणि मग एकच बायनरी हाती येते, ती उचलून क्लायंटच्या सर्व्हरवर टाका, तिथे काहीच इन्स्टॉल करायची गरज नाही, हे मला फार आवडते. रिलीजचा फ्लॅग देऊन कंपाइल कर, नाहीतर चुका शोधायच्या हळू डीबग बिल्डचा टाइम बघून नाराज होशील. पण डेटाफ्रेमसारखं (ओळी-कॉलमचा तक्ता) पांडाजच्या तोडीचं काही मिळणार नाही, बरंच हातानं लिहावं लागते. आणि तू नोकरी सोडलीस तर ती फाइल कोण उघडणार? पायथनवाला इथं आयटी पार्कसमोर चहाच्या टपरीवर पण भेटते, निमवाला मला अजून दुसरा भेटायचा आहे.

धंतोलीकर:
एवढ्या चर्चेत डकडीबी या डेटाबेसचं नाव कोणीच काढलं नाही का बे? हे काम सरळ एसक्यूएलचं, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचं आहे. पायथनमधूनच चालते, सर्व्हर लागत नाही, सगळे कोर वापरून सीएसव्ही वाचते, मेमरी कमी पडली तर डिस्कवर सांडते. मागचं रीडिंग पाहायला लॅग फंक्शन, ग्रुप करून बेरीज, झालं. (अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत पायथन जन्मलं तिथूनच हेही आलं आहे, म्हणजे घर सोडून जायचं नाहीच.) एकदा सीएसव्हीची पार्के (कॉलमनिहाय दाबून ठेवलेली फाइल) करून ठेव, महिन्याचा हिशेब पुन्हा करायचा तर टेक्स्ट फोडत बसावं लागणार नाही. एसक्यूएल नको असेल तर पोलर्स बघ, पांडाजसारखीच लायब्ररी, ती रस्ट भाषेत लिहिलेली आहे.

विदर्भ_डेटावाला:
अप्लाय होतं, दोन ठिकाणी 😅 एका दिवसाच्या फाइलवर डकडीबी लावून पाहिलं, वाचणं आणि बेरीज इतकं लवकर झालं की आधी वाटलं आउटपुट रिकामं आहे. अडलं ते एकाच जागी. मीटर बदलला की रीडिंग शून्याजवळून सुरू होते, तिथून पुढच्या सगळ्या रीडिंगमध्ये जुन्याचं शेवटचं जोडायचं, आणि तेच शेवटचं रीडिंग खराब असेल तर त्याच्या आधीचं दुरुस्त केलेलं धरायचं. म्हणजे प्रत्येक ओळ आधीच्या *दुरुस्त केलेल्या* ओळीवर अवलंबून. लॅगला फक्त मूळ दिसते. आता निम?

वर्धारोडवरचा:
नाही ना भाऊ. एवढ्या एका फंक्शनला नंबा लाव, ते पायथनचं फंक्शन थेट मशीन कोडमध्ये नेते. मीटर आणि वेळेनुसार सॉर्ट करून घे, कॉलमचे नमपाय (पायथनची आकड्यांची लायब्ररी) अ‍ॅरे दे, आत साधा लूप, पुढच्या मीटरच्या ओळी सुरू झाल्या की व्हेरिएबल रीसेट. तोही एलएलव्हीएमच वापरते, ज्युलियावाल्यांना राग येऊ नये. स्ट्रिंग मात्र देऊ नको, मीटर नंबरच्या जागी कॅटेगरीचा कोड दे.

ज्युलियाप्रेमी:
राग नाही 🙂 पण असे पाच-सहा फंक्शन जमा झाले की या, तेव्हा नंबाच्या एरर वाचण्यापेक्षा ज्युलिया सोपी वाटेल.

धंतोलीकर:
एक राहिलं. डकडीबी कॉलमचा प्रकार स्वतः ओळखते. मीटर नंबर शून्यापासून सुरू होत असतील तर तो त्याला आकडा समजेल आणि सुरुवातीचे शून्य गायब, मग ग्राहकांच्या यादीशी जुळवताना काहीच जुळणार नाही. वाचतानाच त्या कॉलमला व्हारचार (म्हणजे टेक्स्ट) सांग. आणि तारीख 03-04 अशी येते का? तिचाही फॉरमॅट लिहून दे, नाहीतर एप्रिलचं रीडिंग मार्चमध्ये जाऊन बसेल.