नेरूळची ०-० बरोबरी: एक गुण कमावला की दोन गमावले?

नेरूळवासी: २० जानेवारी २०२२ रोजी आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये महिला आशियाई फुटबॉल चषकात भारताने इराणशी ०-० अशी बरोबरी साधली. सामना घराशेजारी असूनही मी तो टीव्हीवरच पाहिला. मुली शेवटपर्यंत झुंजल्या, तरीही ही बरोबरी पराभवासारखी का वाटते?

ठाणेकर: कारण सोपे आहे. इराण या स्पर्धेत प्रथमच खेळत होता आणि पुढे तो चीनकडून ०-७, तर चायनीज तैपेईकडून (म्हणजे तैवानकडून) ०-५ असा हरला. असा बचाव आपल्याला एकदाही भेदता आला नाही, हे दुर्दैव नसून आक्रमणातील उणीव आहे.

कोपरीचा प्रेक्षक: नंतरच्या निकालांवरून आधीचा सामना जोखणे मला पटत नाही, कारण पहिल्या सामन्यात इराणची फळी ताजीतवानी होती आणि त्यांच्या गोलरक्षक झोहरे कुदाई यांनी गोलपोस्ट शर्थीने राखला. शिवाय तीन गटांतून तिसऱ्या क्रमांकाचे दोन उत्तम संघही उपांत्यपूर्व फेरीत जाणार असल्याने तो एक गुणसुद्धा मोलाचा होता.

नेरूळवासी: होता खरा, पण उपयोगी पडला नाही. तीनच दिवसांनी करोनाबाधित खेळाडूंमुळे तैपेईविरुद्ध संघच उतरवता आला नाही, भारत स्पर्धेबाहेर गेला आणि ही बरोबरीही रद्द ठरली.

ठाणेकर: ते मान्य, पण गोलसमोरचा उतावळेपणा करोनाच्या माथी मारता येणार नाही.