अर्धांगवायूनंतर हाताच्या व्यायामासोबत कानावाटे व्हेगस मज्जातंतूचे उद्दीपन : अनुभव आणि सल्ला हवा आहे

नमस्कार.

माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. अकरा महिन्यांपूर्वी मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. पाय पुष्कळ सुधारला आहे, वाचाही स्पष्ट झाली आहे. हात मात्र गेले चार महिने आहे तिथेच आहे. तो खांद्यातून उचलला जातो, मूठ वळते, पण वळलेली मूठ उघडत नाही आणि चिमूट जुळत नाही. ज्यांनी चाळीस वर्षे शिवणकाम केले, त्यांना स्वतःच्या सदऱ्याचे बटण लावता येत नाही. रोज सकाळी ते मी लावतो आणि ते दुसरीकडे पाहत राहतात.

गेल्या महिन्यात एका खासगी उपचार केंद्राने आम्हाला कानावर क्लिप लावून व्हेगस मज्जातंतूला (मेंदूपासून मानेतून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या नसेला) सौम्य विद्युत् स्पंदने देण्याचा उपचार सुचवला. वीस बैठका असून एकूण शुल्क ३६,००० रुपये आहे. शस्त्रक्रिया नाही, भूल नाही, म्हणून घरातले सगळे लगेच तयार झाले. मी थोडे थांबून वाचायला घेतले आणि त्यातूनच पुढच्या शंका निर्माण झाल्या.

या विषयावर मला सापडलेला सर्वांत भक्कम अभ्यास एप्रिल २०२१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि ब्रिटनमधील १०८ रुग्ण त्यात होते आणि झटका येऊन प्रत्येकाला किमान नऊ महिने झालेले होते, म्हणजे साधारण बाबांसारखीच स्थिती. सर्वांच्या शरीरात व्हेगसला उद्दीपन देणारे यंत्र बसवले होते आणि सर्वांनी सारखाच व्यायाम केला. मात्र निम्म्या रुग्णांनाच खरे उद्दीपन मिळाले. केंद्रातील सहा आठवड्यांचा व्यायाम संपल्यानंतर नव्वद दिवसांनी, खरे उद्दीपन मिळालेल्यांपैकी ४७ टक्के आणि इतरांपैकी २४ टक्के रुग्णांच्या हातात उपयोगी म्हणावी अशी सुधारणा दिसली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणे यांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) त्या यंत्राला मान्यता दिली. पण ते यंत्र छातीच्या त्वचेखाली बसवलेले असते आणि त्याची तार मानेतील व्हेगसला जोडलेली असते. कानावाटे दिल्या जाणाऱ्या उद्दीपनाचे अर्धांगवायूवरील जे अभ्यास मी पाहिले, ते बहुतेक लहान आहेत, त्यामुळे वरचे आकडे कानाच्या उपचाराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, असे मला वाटते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. त्या अभ्यासात रुग्णाने हालचाल केली की थेरपिस्ट कळ दाबत असे आणि अर्ध्या सेकंदाचे स्पंदन जात असे. व्हेगसमधून गेलेला संदेश मेंदूच्या तळाशी पोहोचतो आणि तिथून नॉरअॅड्रेनलिन, अॅसिटिलकोलीन यांसारखी रसायने स्रवतात. त्या क्षणी जी हालचाल चालू असेल तिचे मार्ग दृढ होण्यास त्यांची मदत होते, अशी त्यामागची कल्पना आहे. म्हणजे वीज आणि हालचाल यांची गाठ पडली पाहिजे. आम्हाला सांगितलेल्या उपचारात मात्र बाबांनी अर्धा तास खाटेवर पडून राहायचे आहे आणि व्यायाम दुसऱ्या दिवशी.

दुसरी शंका क्लिपच्या जागेची. व्हेगसची शाखा बाह्यकर्णात मुख्यतः कानाच्या छिद्राच्या वरच्या बाजूच्या खोलगट भागात पोहोचते. आम्हाला क्लिप दाखवली ती कानाच्या पाळीवर. ज्या अभ्यासांत तुलनेसाठी खोटे उद्दीपन द्यायचे असते, तिथे पुष्कळदा नेमकी पाळीच निवडतात, कारण तिथे व्हेगसचे तंतू जवळजवळ नसतात. मी हे केंद्रात विचारले, पण समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

तिसरी शंका हृदयाची. बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत, गुठळी त्यामुळेच झाली. रक्त पातळ करणारी आणि ठोके मंदावणारी अशा दोन्ही गोळ्या चालू आहेत. व्हेगस स्वतःही हृदयाची गती कमी करतो. म्हणून त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय आम्ही काहीही सुरू करणार नाही.

इथे कोणी फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा मेंदूविकारतज्ज्ञ असतील, तर हालचालीच्या क्षणीच कानावाटे स्पंदन देण्याची पद्धत पुणे, मुंबई किंवा कोल्हापूर-सांगली भागात कुठे वापरली जाते का, हे कृपया सांगावे. कोणाच्या घरी हा उपचार झाला असेल, तर किती आठवड्यांनी काय बदलले आणि सोबत व्यायाम किती होता, हे जसे घडले तसे लिहावे. फरक पडला नसेल तर तेही. तेच पैसे आणि तोच वेळ रोजच्या हाताच्या व्यायामाकडे वळवावा, असे कोणाचे मत असेल, तर तेही मला हवे आहे. हृदयरोगतज्ज्ञांची भेट येत्या सोमवारी ठरली आहे. त्यांना नेमके कोणते प्रश्न विचारावेत, हे त्याआधी कळले तर फार मदत होईल.