आधी फ्लोट तपासा, मीटर नंतर
दुचाकीची टाकी रिकामी होत आली तरी पेट्रोल मीटरचा काटा अर्ध्यावरच राहतो आणि मेकॅनिक अख्खा मीटर बदलायला सांगतोय, असं तुम्ही म्हणताय. घाई करू नका. माझ्या गाडीला हेच झालं होतं. मीटर ठणठणीत होता, दोष टाकीतल्या फ्लोटच्या युनिटमध्ये निघाला.

फ्लोट पेट्रोलवर तरंगतो, त्याचा दांडा वर-खाली झाला की युनिटचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) बदलतो आणि त्यावर काटा हलतो. आधी युनिटच्या वायरचा कनेक्टर काढून पिना साफ करा, अर्थिंगची वायरही बघा. पावसाळ्यानंतर तिथे बरेचदा हिरवट गंज चढलेला असतो. तरीही फरक पडला नाही तर बॅटरीची वायर काढून, टाकी रिकामी करून, मोकळ्या हवेत युनिट बाहेर काढा. आसपास विडी-सिगारेट अजिबात नको! मल्टिमीटर ओहमवर (रेझिस्टन्स मोजायच्या सेटिंगवर) ठेवून युनिटच्या पिनांना लावा आणि दांडा अगदी सावकाश फिरवा. आकडा सलग बदलायला हवा; मध्येच उडी मारत असेल तर आतली पट्टी झिजलीय, युनिटच बदला. आकडा नीट बदलतोय? मग दांडा वाकून कुठे अडकतोय का ते बघा, तुमच्या लक्षणांवरून मला तोच संशय जास्त आहे.

परत बसवताना रबरी सील नवीनच घाला. आणि काटा नेहमी गाडी मेन स्टँडवर असताना वाचा, साइड स्टँडवर पेट्रोल एका बाजूला जातं.