रहस्यकथेतील खूण पडद्यावर कशी लपवतात?

गोदाकाठचा वाचक (नांदेड)

दूरदर्शनवर १९९३ मध्ये सुरू झालेली 'ब्योमकेश बक्षी' ही गुप्तहेराची मालिका गेल्या पंधरवड्यात मी पुन्हा सलग पाहिली आणि एक जुनी शंका नव्याने जागी झाली. 'सत्यान्वेषी' ही शरदिंदू बंद्योपाध्याय यांची कथा मी मालिकेनंतर पुष्कळ वर्षांनी, अनुवादातून वाचली होती. कलकत्त्याच्या एका मेसमध्ये कथा सांगणाऱ्या अजितच्या खोलीत अतुलचंद्र मित्र नावाचा तरुण राहायला येतो आणि तो खरा कोण, हे पुढे उघड होते. वाचताना आपल्यासमोर फक्त नाव असते. अजितला जेवढे ठाऊक, तेवढेच आपल्याला. मालिकेत मात्र ब्योमकेश झालेला रजित कपूर दारातून आत आला की सगळे संपते. आमच्या घरातल्या शाळकरी मुलानेही 'हाच तो' असे म्हणून टाकले. तरीही तो भाग पाहण्यातली गोडी कमी झाली नाही, याचे मला नवल वाटते.

माझा प्रश्न असा आहे की, लेखक महत्त्वाची खूण चार निरुपयोगी वस्तूंच्या वर्णनात सहज पुरून टाकू शकतो आणि आपण ती वाचूनही पुढे जातो; कॅमेऱ्याने मात्र एखादी वस्तू जवळून दाखवली की तिचे महत्त्व लगेच कळते, आणि दाखवलीच नाही तर प्रेक्षकाशी लबाडी केल्यासारखे होते. मग जाणते दिग्दर्शक यातून वाट कशी काढतात? उत्तर देताना गुन्हेगाराचे नाव कृपया फोडू नये, कारण माझे बरेच वाचन अजून व्हायचे आहे.

अंबाजोगाईकर

वस्तू जवळून दाखवणे ही उतावळ्या दिग्दर्शकाची खोड आहे. जाणता दिग्दर्शक ती वस्तू चौकटीत उघडी ठेवतो आणि त्याच वेळी दुसऱ्या कोपऱ्यात कोणाला तरी भांडायला लावतो. आपली नजर बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जाते आणि खूण डोळ्यांसमोर राहूनही निसटते. त्यामुळे लबाडीचा आरोपही करता येत नाही.

खरी अडचण जे घडले नाही ते दाखवण्याची आहे. शेरलॉक होम्सच्या 'सिल्व्हर ब्लेझ' या १८९२ च्या कथेत रात्री कुत्रे भुंकले नाही, हीच मोठी खूण ठरते. कागदावर 'नाही' हा शब्द लिहिता येतो. पडद्यावरची शांतता मात्र पार्श्वसंगीतात बुडून जाते, म्हणून तेथे ती गोष्ट शेवटी कोणाच्या तरी तोंडून वदवावीच लागते.

त्याच कथेतील दुसरी खूण मला अधिक आवडते. तबेल्यावर पहारा करणाऱ्या पोऱ्याच्या मसालेदार मटणात अफूची पूड कालवलेली असते, कारण साध्या जेवणात अफूची चव लगेच कळली असती. ही कथा मी आईला मराठीत सांगत होतो, तेव्हा होम्स काही बोलण्याच्या आतच ती म्हणाली, "मग त्या दिवशी तिखट रस्सा करायचा हे ठरवलं कोणी, ते आधी बघा." जन्मभर येसराची आमटी करणाऱ्या बाईला होम्सची गरज भासत नाही.

लेणीवाट (वेरूळ)

प्रश्नाचे नेमके उत्तर सत्यजित राय यांच्याकडे आहे, कारण त्यांनी लेखक आणि दिग्दर्शक या दोन्ही बाजूंनी हा पेच हाताळला. 'सोनार केल्ला' ही फेलुदा या त्यांच्या गुप्तहेराची कादंबरी १९७१ ची आणि तिच्यावरचा त्यांचाच चित्रपट १९७४ चा. कादंबरीत दुष्ट कोण हे उशिरापर्यंत झाकलेले आहे. चित्रपटात मात्र त्यांनी ते बऱ्याच आधी उघड केले. मी कोणाचेही नाव घेत नाही. पण परिणाम पाहा. वाचक 'कोण असेल' या विचारात राजस्थानभर हिंडतो, तर प्रेक्षकाला धोका कोणापासून आहे हे ठाऊक असते आणि पूर्वजन्म आठवणारा तो लहानगा मुकुल कोणाच्या हाती लागला आहे हे पाहून त्याचा जीव टांगणीला लागतो. स्वतःचेच रहस्य मोडायला लेखकाचे मन सहसा होत नाही. राय यांनी ते केले, कारण पडद्याला कोड्यापेक्षा हुरहूर अधिक मानवते, असे माझे मत आहे. ब्योमकेश दारातच ओळखू आला तरी आपली गोडी टिकली, ती याच कारणाने असावी.

आता थोडे आमच्या गावाविषयी. फेलुदाची 'कैलासे केलेंकारी' ही कथा भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरातून चोरलेल्या यक्षीच्या शिरापासून सुरू होते आणि वेरूळला येऊन पोहोचते. येथे राहणारा माणूस ती निराळ्याच तऱ्हेने वाचतो. सोळावे लेणे, म्हणजे कैलास, वरून खाली कोरत आणलेले असल्यामुळे कड्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला खालचे सगळे आवार दिसते, आणि खालच्याला वरचा माणूस मान वर केल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे कोण कोठून कोणाला पाहू शकतो, याचा हिशेब आम्ही पायांनी आणि डोळ्यांनी आधीच मांडलेला असतो. संदीप राय यांनी २००७ मध्ये यावर चित्रपट काढला. तो पाहताना मी कथेकडे कमी आणि ओळखीच्या खांबांकडे जास्त लक्ष दिले, हे कबूल करतो.

निवृत्त मास्तर (लातूर)

अंबाजोगाईकरांनी नाव न फोडताही आईच्या तोंडून अर्धे गुपित बाहेर काढले आहे, याची नोंद घ्यावी.

या चर्चेत सर्वांनी असे धरून चालले आहे की रहस्यकथा खुणा जुळवण्यासाठीच वाचली जाते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली, आणि आम्ही 'झुंजार' व 'काळा पहाड' वाचनालयातून आणून एका बैठकीत संपवत असू, कारण दुसऱ्या दिवशी ते परत करायचे असे आणि रांगेत पुढचा मुलगा उभा असे. खुणा न्याय्य रीतीने दिल्या होत्या काय, असा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. वेग हवा होता आणि तो पुरेपूर मिळत होता. पुढे १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'करमचंद' आली, तेव्हाही गुन्हेगारापेक्षा पंकज कपूर गाजर कसे खातो, हे पाहण्यासाठीच शेजारपाजारचे आमच्या घरी जमत. आज त्यातील एकाही भागातील खुनी मला आठवत नाही, गाजर मात्र आठवते. आपण मालिका दुसऱ्यांदा पाहतो ती त्या माणसाच्या सहवासासाठी.

अंबाजोगाईकर

मास्तर, चूक मान्य आहे. आईला मात्र आपणच समज द्यावी.

गोदाकाठचा वाचक (नांदेड)

सर्वांचे आभार. मास्तरांचे म्हणणे मालिकेपुरते पटते. परंतु वाचताना मला खुणा शोधायच्याच असतात, त्यामुळे 'सोनार केल्ला' आधी वाचून मगच चित्रपट पाहीन. मला बंगाली येत नाही. फेलुदा मराठीत मिळेल काय?

लेणीवाट (वेरूळ)

अशोक जैन यांनी फेलुदा मराठीत आणला आहे. पुस्तक हाती आल्यावर मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नका.