टेक्स्टरॅपने मराठीच्या ओळी आखूड का पडतात?

प्रश्न
साधा मजकूर ६० अक्षरांच्या ओळींत बसवणारा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहितोय. त्यातल्या टेक्स्टरॅप या ओळी पाडणाऱ्या मॉड्यूलचं फिल फंक्शन वापरलंय. इंग्रजी नीट बसतं, मराठीच्या ओळी मात्र आखूड पडतात, त्याही कमीजास्त. शिवाय परिच्छेद एकमेकांना चिकटतात, आणि एका लांब शब्दाची वेलांटी तुटून पुढच्या ओळीत तुटक गोलावर बसली. विड्थ (ओळीची कमाल लांबी) वाढवून भागेल का?

उत्तर १
नाही भागणार, कारण फरक प्रत्येक ओळीत वेगळा पडतो. टेक्स्टरॅप लांबी लेन या फंक्शनने मोजतं आणि लेन मोजतं कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमध्ये (लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) वेगळा क्रमांक असलेलं प्रत्येक चिन्ह. ‘मराठी’ आणि ‘क्षितिज’ दोन्ही तीन अक्षरांचे, पण लेन पहिल्याला ५ सांगतं, दुसऱ्याला ७. काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं धरलं जातं, म्हणून जोडाक्षरं जास्त ती ओळ जास्त आखूड.

अक्षरं मोजायला मजकुरात पॅटर्न शोधणारं रीजेक्स मॉड्यूल घ्या (पिप या कमांडने वेगळं टाकावं लागतं, पायथनच्या अंगभूत आरई मॉड्यूलमध्ये ही सोय नाही). त्यात बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स हा पॅटर्न एकेक अक्षर पकडतो. मॉड्यूल जुनं असेल तर ‘क्षि’चे दोन तुकडे मोजले जातील, जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ साली आला.

मग ओळी स्वतःच जुळवा, दहाबारा ओळींचं काम आहे. चालू ओळीची लांबी अधिक १ अधिक नव्या शब्दाची लांबी ६०च्या वर गेली की नवी ओळ. तो १ स्पेसचा. तो राहिला की ओळी विड्थबाहेर जातात.

उत्तर २
परिच्छेद चिकटतात कारण फिल प्रत्येक न्यूलाइनची (ओळ संपल्याची खूण) स्पेस करतं. आधी रिकाम्या ओळींवर मजकूर तोडा, प्रत्येक परिच्छेद वेगळा बसवा, शेवटी दोन न्यूलाइननी जोडा.

वेलांटी तुटते ती फिलच्या ब्रेक_लाँग_वर्ड्स (लांब शब्द तोडा) या पर्यायामुळे, तो मुळात ट्रू असतो. फॉल्स करा. लांब लिंक ओळीबाहेर जाईल, जाऊ द्या; तोडलेली लिंक कुणाच्याच कामाची नाही.

उत्तर ३
अभंग असतील तर ॥१॥ एकटंच पुढच्या ओळीत जातं. त्याच्या आधी नो-ब्रेक स्पेस (जिच्यावर ओळ तुटत नाही ती, यू+००ए०) टाका, ‘१० किलो’मध्येही तीच. पण उत्तर १च्या पद्धतीने ओळी जुळवायला शब्द पाडताना नुसतं स्प्लिट() लिहू नका, ते या स्पेसवरही तोडतं. कंसात साधी स्पेस स्पष्ट द्या आणि रिकामे तुकडे गाळा.