हायड्रोजेल '४०० पट पाणी धरतं' म्हणतात, बोअरच्या पाण्यात किती धरेल?

माणदेशी_डाळिंब (सांगोला)

रामराम मंडळी. जुलैत दोन एकर भगवा डाळिंब लावायचं चाललंय. जमीन मुरमाड, अंतर १५ बाय १० फूट. पाणी एकाच बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) १८०० च्या आसपास. ड्रिपरची तोंडं पांढरी होतात, यावरून काय ते समजा.

कृषी सेवा केंद्रवाल्यानं हायड्रोजेलची पिशवी पुढ्यात ठेवली. "नॅनो टेक्नॉलॉजी आहे, वजनाच्या ४०० पट पाणी धरतं, एकरी ४ किलो फेकून द्या, उन्हाळ्यात दोन पाळ्या वाचतील." किलोला ११०० रुपये. ग्लासात चिमूटभर दाणे टाकून दाखवले. बघता बघता ग्लास जेलीनं भरला, उलटा केला तरी सांडेना. डोळ्यांनी बघितलंय म्हणून थाप म्हणवत नाही. पण पाणी त्यानं पिण्याच्या जारमधून घेतलं होतं, ते मनात राहिलंय. कुणी वापरलंय का?

जेलवाले_काका (डोंबिवली)

जार तुमच्या नजरेतून सुटला नाही, निम्मं काम झालं. मी डायपरात भरतात ती याच जातीची पावडर करणाऱ्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो, आता निवृत्त. त्यामुळे जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढं सरका.

हा दाणा म्हणजे पॉलिअॅक्रिलेटच्या लांब साखळ्या, अधूनमधून एकमेकींना गाठी मारलेल्या. साखळीवर ठिकठिकाणी ऋण भार आणि त्याच्या जोडीला पोटॅशियम किंवा सोडियमचे सुटे आयन. ते आयन जाळीबाहेर पळू शकत नाहीत. म्हणजे दाण्याच्या आत क्षार दाट आणि बाहेर पातळ, म्हणून पाणी आत घुसतं. शिवाय ऋण भार एकमेकांना ढकलतात आणि साखळ्या ताणल्या जातात. गाठी नसत्या तर सगळं विरघळून चिकट पाणी झालं असतं. गाठी आहेत म्हणून जेली होते.

आता बाहेरचंच पाणी खारं असलं तर आतबाहेरचा फरक कमी, ओढही कमी. आमच्याकडे चाचणी साधी होती. चहाच्या पुडीसारख्या जाळीच्या पिशवीत ०.२ ग्रॅम पावडर, अर्धा तास बुडवायची, निथळवायची, वजन करायचं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही शे पट यायचं. तीच पावडर ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात ५०-६० पटीवर थांबायची. बाळाची शू काही डिस्टिल्ड नसते, त्यामुळे डायपरवाले गिऱ्हाईक मिठाच्या पाण्यातलाच आकडा मागायचं. शेतकऱ्याच्या पिशवीवर मात्र पहिला आकडा छापतात. खोटा नाही, पण तुमच्या कामाचाही नाही.

तुमच्या बोअरला मीठ एकवेळ परवडलं, कॅल्शियम वाईट. सोडियमला एक भार, कॅल्शियमला दोन. तो शेजारच्या दोन साखळ्यांना एकदम धरतो आणि जाळीत नव्या गाठी पडतात. दर पाळीला थोडं थोडं कॅल्शियम आत बसत जातं. पुढं पावसाचं गोडं पाणी मिळालं तरी दाणा आधीइतका फुगत नाही. तुमच्या ड्रिपरच्या तोंडावर जे पांढरं दिसतं, तेच तिथं आत जाऊन बसतं. आणखी एक, ग्लासात दाण्यावर कुणी बसलेलं नसतं. जमिनीत वरून मातीचा भार असतो, त्याखाली तो पूर्ण फुगूच शकत नाही.

हिशेब मांडा. ४ किलोला ४०० पट म्हणजे १६०० लिटर. ऐकायला भरपूर वाटतं. पण एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की ४००० लिटर होतात. म्हणजे तुमच्या ४४०० रुपयांत अर्धा मिलिमीटरसुद्धा येत नाही. सोलापूरकडे एप्रिलात उघड्या पात्रातून दिवसाला ८-१० मिलिमीटर पाणी उडतं. तुमच्या पाण्यात दाणा ८० पट फुगला असं धरलं तर हातात ३२० लिटर. तुमची मुरमाड जमीन फूटभर खोलीत स्वतःच्या जिवावर, अगदी हात आखडून धरलं तरी, एकरी तीस-चाळीस हजार लिटर पिकासाठी धरते. काळ्या रानात तर आकडा लाखावर जातो. 'दोन पाळ्या' कुठून वाचणार?

फेकून देऊ नकाच. घालायचं तर खड्ड्यात. १५ बाय १० ला एकरी २९० झाडं बसतात. प्रत्येकी ५० ग्रॅम धरलं तर साडेचौदा किलो लागेल, सोळा हजारांच्या आसपास. त्यात ८० पटीनं झाडामागे ४ लिटर पाणी मुळाशी राहील. नव्या रोपाला रुजवा धरेपर्यंत त्याचा उपयोग आहे, ते मी नाकारत नाही. त्यातलं बहुतेक पाणी मुळांना ओढता येतं. पण सोळा हजारांत शेणखत आणि उसाच्या पाचटाचं आच्छादन किती येतं, तेही विचारून बघा.

घेण्याआधी घरीच करून बघा. सोनाराकडं किंवा दुकानात बारीक वजनकाटा असतो. एक ग्रॅम जेल एका बादलीत बोअरच्या पाण्यात, एक ग्रॅम जारच्या पाण्यात. दोन-तीन तासांनी जुन्या मलमलीत ओतून निथळू द्या आणि वजन करा. बोअरचा आकडा तो तुमचा. तेच दाणे बोअरच्या पाण्यात पुन्हा पुन्हा वाळवून भिजवत राहिलात तर आणखी कळेल.

'नॅनो'चं म्हणाल तर फुगलेल्या जेलात दोन गाठींमधलं अंतर नॅनोमीटरमध्येच मोजतात, हे खरं. त्या हिशेबानं चायना ग्रासची खीरही नॅनो. माल तर अजिबात नवा नाही. अमेरिकेत इलिनॉयमधल्या पिओरियाच्या सरकारी कृषी प्रयोगशाळेनं स्टार्चवर अॅक्रिलोनायट्राइल जोडून हा प्रकार १९७० च्या आगेमागे केला. लोक त्याला 'सुपर स्लर्पर' म्हणायचे. गंमत म्हणजे डोळ्यासमोर शेती होती, पैसा मिळाला डायपरात. आपल्या पुण्याच्या एनसीएलनंही (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) 'जलशक्ती' नावाचा पॉलिमर काढला होता. पुढं दिल्लीच्या आयएआरआयचं (भारतीय कृषी संशोधन संस्था) 'पुसा हायड्रोजेल' आलं, ते सेल्युलोजवर बेतलेलं आहे. त्याची शिफारस हेक्टरी अडीच ते पाच किलोची, म्हणजे एकरी एक ते दोन. तुमचा दुकानदार चार सांगतोय, त्याचं त्याला माहीत.

रोपवाली (नारायणगाव)

काकांचा हिशेब एकरासाठी पटला, पण जेलला अगदी मोडीत काढू नका. आमची रोपवाटिका आहे, मिरची-टोमॅटोची प्रो-ट्रेमधली रोपं लांब जातात. टेम्पोत उन्हानं कोकोपीट वाळतं आणि गिऱ्हाईक फोनवर ओरडतं. कोकोपीट भिजवतानाच थोडं जेल मिसळलं की फरक पडतो. उघड्या मुळांची रोपं असली तर मुळं जेलच्या पातळ काल्यात बुडवून बारदानात गुंडाळते.

पण पाणी आरओचंच. विहिरीच्या पाण्यात काला पातळच राहतो, जेल दुप्पट लागतं. आणि दादा, जेल कोरडं घालून वर माती टाकू नका. आधी भिजवून, मातीत कालवून मगच खड्ड्यात घाला. कोरडं टाकलं की एका जागी गोळा होतो, फुगला की रोप वर उचलतो. जास्त झालं तर मुळाशी हवा राहत नाही. डाळिंबाला मर रोगाची भीती आधीच असते, तिथं चिखल नको.

माणदेशी_डाळिंब

काका, ताई, लई आभार. सोनाराकडं जातो उद्या, तो हसेल पण चालेल. काका, एक विचारतो. शेततळ्यात पावसाचं पाणी साठवलंय, टीडीएस कमी आहे. लागणीच्या वेळी जेल त्यात भिजवलं आणि नंतर बोअरचं ड्रिप सुरू केलं तर?

जेलवाले_काका

पहिली भरती चांगली होईल. पण ड्रिप सुरू झालं की बोअरचं पाणी आत शिरणार आणि फुगलेला दाणा पुन्हा आकसणार, आतलं काही पाणी बाहेर टाकून देणार. शेततळ्याचं पाणी पुरत असेल तर पहिले दोन-तीन महिने ड्रिपलाही तेच जोडा. तेवढ्यात रोप धरतं, पुढं जेलची गरजच कमी होते. आणि जेलसोबत कॅल्शियम नायट्रेट सोडू नका, कारण वर सांगितलंच.

गच्चीवरची_बाग (ठाणे)

मधेच घुसते, माफ करा. डायपर फाडून त्यातली पावडर कुंडीत घालतात असे व्हिडिओ बघितलेत. ते चालेल का? आणि मातीत त्याचं पुढं काय होतं?

जेलवाले_काका

डायपरातली पावडर सोडियमची, शेतीची पोटॅशियमची. कुंडी लहान, त्यात सोडियम साठत जातं, माती घट्ट होते, पानांच्या कडा करपतात. न वापरलेला डायपर फाडून वर कापूसही कुंडीत, एवढ्या खटाटोपापेक्षा कुंडीवर नारळाच्या सोडणाचे तुकडे पसरा.

मातीत पॉलिअॅक्रिलेट फार हळू तुटतं. फुगायचं थांबलं म्हणजे संपलं असं नाही, वर्षानुवर्षं तिथंच असतं. सेल्युलोजवालं लवकर जातं. म्हणून घेताना पिशवीवर घटक लिहिलेत का बघा. नुसतं 'नॅनो पॉलिमर' लिहिलं असेल तर ती पिशवी परत ठेवा.