चंपाषष्ठीला शेतात २२ माणसांचे रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले कणकेचे गोळे) करायचे आहेत, आतून कच्चे राहतात

मोर्शीकडची सून

नमस्कार. आमचं गाव मोर्शी तालुक्यात. ७ डिसेंबरची चंपाषष्ठी शनिवारी आली, म्हणून शुक्रवार रात्रीपासून सगळे घरी येताहेत. नागपूरच्या नणंदबाई, पुण्याचे भाऊजी, मोठे भासरे (मोठे दीर), त्यांची मुलंबाळं, सगळे मिळून २२ जण. कुळदैवत खंडोबा. आषाढीपासून आमच्याकडे वांगं आणि कांदा बंद असतो, तो चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्यानंच सुटतो. तळी घरी उचलतो आणि जेवायला शेतात जातो, विहिरीजवळच्या आंब्याखाली.

सासूबाई मागच्या वर्षी वैशाखात गेल्या. वर्ष झालं नव्हतं म्हणून मागच्या डिसेंबरात सण धरला नाही. त्यांच्याशिवायची ही पहिलीच चंपाषष्ठी. एवढ्या वर्षांत मी फक्त कणीक मळून द्यायची. विस्तवाजवळ त्याच बसत, मी तोवर भाजीकडे. दिवाळीनंतर एकदा वरणासोबत करून पाहिले तर वरून कोळसा आणि आत पीठच.

भाऊजी म्हणतात, "वहिनी, तुम्ही त्रास घेऊ नका, स्वयंपाकी सांगून टाकू." ते मायेनंच म्हणतात. पण मला ते नको आहे. यंदा ताटात बाहेरच्या हातचा रोडगा आला तर पुढच्या वर्षीही तोच येईल, आणि माझ्या मुलीला घरचा रोडगा कसा असतो तेच कळणार नाही.

पीठ किती घ्यावं, गोवऱ्या किती लागतील आणि आतून झाला हे कशावरून ओळखायचं, एवढं कोणी नीट सांगा.

आर्वीच्या काकू

पोरी, आधी पीठ बघ. पोळीच्या बारीक कणकेचा रोडगा चिकट होतो, आतून शिजतच नाही. गिरणीवर गहू रव्यासारखा जाडसर दळून आण. किलोला अर्धी वाटी कडकडीत तेल, मीठ, ओवा, चिमूटभर हळद. घट्ट भिजव आणि तासभर झाकून ठेव. मुठीएवढे केले तर किलोत १४-१५ बसतात. ४ किलोत तुझं भागेल, पण ५ किलो भिजव.

दुसरं म्हणजे पदर. नुसता गोळा वळून टाकला असशील. लहान गोळी कर, तिला तेल लाव, कोरडं पीठ भुरभुर आणि पुरीएवढ्या पारीत भरून बंद कर. तोच गोळा परत तेल-पीठ लावून दुसऱ्या पारीत. पदरांमध्ये तेल असलं की ते एकमेकांना चिकटत नाहीत, वाफ मधपर्यंत जाते. फोडल्यावर पापुद्रे सुटले पाहिजेत, तेव्हाच तूप आत मुरतं.

कोरडवाहू (दारव्हा)

काकूंनी पिठाचं सांगितलं, मी विस्तवाचं सांगतो. ताई, जाळावर टाकला का वरून करपलाच समजा.

६० रोडग्यांना आम्ही ८० ते १०० गोवऱ्या लावतो. चांगल्या वाळलेल्या घ्या. या दिवसांत रात्री दव पडतं, म्हणून आदल्या दिवशीच ताडपत्रीखाली ठेवा. रचून पेटवा आणि जाळ पूर्ण बसू द्या. धूर संपून निखाऱ्यावर पांढरी राख धरली की काठीनं फोडून पसरा, मग रोडगे ठेवा. फिरवत राहा. सगळीकडून डाग पडून भेगा दिसायला लागल्या की निखारे बाजूला ओढा आणि रोडगे फुफाट्यात, म्हणजे गरम राखेत, गाडून अर्धा तास विसरून जा. आतलं तिथंच शिजतं. झालेला रोडगा हाताला हलका लागतो. नंतर स्वच्छ पोत्यात घालून दोघांनी दोन्हीकडून धरून झुलवा, राख झडते.

वांगी या विस्तवावर नका भाजू. त्यांना मागच्या सालच्या तुराट्यांचा भडका पाहिजे, तरच साल करपून धुराची चव आत उतरते. आणि आग वेचणीला आलेल्या कपाशीपासून लांब करा, दोन बादल्या पाणी जवळ असू द्या.

पुण्यातला वऱ्हाडी

मी ओव्हनमध्ये करतो, ४० मिनिटांत होतात. शेतात नाही जमलं तर घरी तो उपाय आहे. वास मात्र येत नाही, आणि मला रोडगा म्हटलं की तो वासच आठवतो. जमवाच तुम्ही.

घरात आईंसोबत विस्तवाजवळ आणखी कोण बसायचं? त्यांना विचारलंत का?

मोर्शीकडची सून

मामाजी, म्हणजे माझे सासरे, बसायचे. पण सासूबाई गेल्यापासून ते शेतातल्या त्या आंब्याकडे गेलेले नाहीत. विचारायला धीर होत नाही.

मोर्शीकडची सून (रविवार रात्र)

सगळे आत्ता गेले. काकू, भाऊ, तुम्हाला कळवल्याशिवाय झोप येणार नाही.

५ किलो भिजवलं. नणंदबाई आणि मी दोघी पदर भरायला बसलो, ७० झाले. तळी उचलली, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणताना पोरांनी एकमेकांना भंडारा लावला. मग ट्रॅक्टरवर सगळे शेतात. तूर शेंगांनी लदबदलेली होती. पोरांनी शेंगा तोडून आणल्या, त्या गंजात मीठ घालून उकडायला ठेवल्या. त्या रिकाम्या होईपर्यंत कोणी संत्र्याला हात लावला नाही.

मामाजी शेवटी भासऱ्यांच्या गाडीवर मागे बसून आले. लांब बांधावर बसले. मला निखारे पांढरे वाटले म्हणून मी पहिला रोडगा उचलला, तर तिथूनच म्हणाले, "थांब व माय. निळा धूर निघून राहिला अजून. तुयी सासू तो जाऊ दे म्हणे."

मग उठून जवळ आले. काठी हातात घेतली ती शेवटचा रोडगा पोत्यात पडेपर्यंत सोडली नाही. मधूनमधून मुलीला दाखवत होते, भेग कोणती पुरेशी आणि कोणती नाही.

दोन जळले, बाकी सगळे फुटले तेव्हा पापुद्रे वेगळे झाले. भाऊजींनी ५ खाल्ले. उरलेल्या ९ पैकी ४ नणंदबाई नागपूरला घेऊन गेल्या. बाकीचे सकाळी कुस्करून तूप-गूळ घालून मुलीच्या डब्यात देणार आहे, तिनंच मागितले.